पोत्यात निघालेले जुने शॉकअप, पाटे आणि स्प्रिंगा ओळखायच्या कशा?

विचारणा थोडक्यात अशी: आर्वी तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याच्या कोठीत दोन पोती गाडीचे सामान निघाले. कैचीसारख्या दांड्या आणि मधे गोल चकत्या असलेले नग, पट्टा बाहेर लोंबणारे दोन गोल डबे, निमुळत्या स्प्रिंगांची जोडी, दांडा असलेले बिडाचे चार गोल आणि काही चौकोनी शॉकअप, दोन-तीन नळीचे शॉकअप, सुटे पाटे आणि बरेच वाकडेतिकडे ब्रॅकेट. घरात आधी मॉडेल ए फोर्ड होती, मग लँडमास्टर आली, नंतर जीप. यातले काय कोणत्या गाडीचे, मूळचे की बाहेरून घेतलेले, आणि फोर्ड पुन्हा उभी करताना यातले काही लावता येईल का?

उत्तराची सुरुवात ब्रॅकेटपासून करतो, कारण बहुतेक ठिकाणी तेच आधी भंगारात जातात. बाहेरून विकले जाणारे शॉकअप एकेका गाडीसाठी बनत नसत. एकच नग पाच-पंचवीस गाड्यांना चालावा असा बनवायचा आणि त्यासोबत प्रत्येक गाडीसाठी वेगळा ब्रॅकेट, लिंक (शॉकअपचा दांडा ॲक्सलला जोडणारी काडी) आणि बोल्टांचा संच द्यायचा, अशी त्या धंद्याची रीत होती. त्यामुळे शॉकअपच्या अंगावर कंपनी कळते, काळ कळतो, पण गाडी बहुधा कळत नाही. गाडी कळते ती ब्रॅकेटवरून: चॅसिसच्या कोणत्या आकाराला तो बसतो, भोकांच्या मध्यांमधले अंतर किती, ॲक्सलवर तो कसा पकडतो, डावा-उजवा वेगळा आहे का. म्हणून आज पहिले काम हे करा की पोत्यातला एकही वाकडा पत्रा, लिंक, कॉटर पिन किंवा जाड वॉशर फेकू नका. जे एकमेकांत अडकलेले आहे ते तसेच ठेवून प्रत्येक नगाला तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधा आणि सोडवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश या कामात वापरू नका. सत्तर-ऐंशी वर्षांच्या गंजाखाली ठशातली अक्षरे जेमतेम उरलेली असतात आणि ब्रश गंजासोबत त्यांनाही घेऊन जातो. डिझेलमध्ये दोन-तीन दिवस भिजत घाला, लाकडाच्या चिपेने चिखल काढा, नायलॉनच्या ब्रशने धुवा. आपल्याकडची काळी माती सुकली की सिमेंटसारखी धरते, तिला पाण्यातच मऊ होऊ द्या, टोकरू नका. गंज फार असेल तर गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारी मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण करून साध्या बिडाचे आणि लोखंडाचे भाग त्यात आठवडा-दोन आठवडे ठेवता येतात. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव भागांना हे चालत नाही, त्यांना ते खाते. आधी चुंबक लावून पाहा, चिकटला नाही तर तो भाग मळीत घालायचा नाही. पाटे आणि स्प्रिंगा तर कोणत्याही ॲसिडात घालू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होते, आणि पुढे ओझ्याखाली कुठलीही सूचना न देता तुटते.

स्वच्छ झाल्यावर खडूची भुकटी अक्षरांवर चोळा, अंधारात बॅटरी अगदी आडवी धरून पाहा. तरी दिसले नाही तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. उठलेली अक्षरे म्हणजे साच्यातून ओतताना आलेली. ती कारखान्याच्या साच्याचा नंबर सांगतात आणि तो विक्रीच्या नंबरापेक्षा वेगळा असतो. ठोकून उमटवलेली खोल अक्षरे म्हणजे मॉडेल, बाजू किंवा तपासणीचा ठसा. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस महिनोन्महिने चुकीचा नंबर शोधत बसतो.

आता आटे. सगळ्या ओळखीत सर्वात भरवशाची खूण हीच आहे आणि तिला कसले कॅटलॉग लागत नाही. आटे मोजायच्या पट्ट्या दोन प्रकारच्या घ्या, ५५ अंशाच्या आणि ६० अंशाच्या. ब्रिटिश व्हिटवर्थ (जाड) आणि बीएसएफ (बारीक) आटे ५५ अंशाचे, अमेरिकन आणि मेट्रिक ६० अंशाचे. तीन अष्टमांश इंची बोल्टाला इंचात २० आटे असले तर तो ब्रिटिश बीएसएफ, २४ असले तर अमेरिकन बारीक आट्यांचा. पाच सोळांश इंचीला बीएसएफमध्ये २२ आणि अमेरिकनमध्ये २४. अर्ध्या इंचीला बीएसएफमध्ये १६, अमेरिकन बारीकमध्ये २०, व्हिटवर्थमध्ये १२, अमेरिकन जाडमध्ये १३. तीन अष्टमांशाच्या जाड आट्यात मात्र फसगत होते, कारण व्हिटवर्थ आणि अमेरिकन दोन्हींना १६ आटे असतात. तिथे कोनाची पट्टीच निकाल देते. नट बोल्टावर चढला म्हणून दोघे एकाच जातीचे, असे समजू नका.

पाना कोणता बसतो हेही पाहा. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नव्हे. त्यामुळे तीन अष्टमांशाचा व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात ०.७१० इंच, म्हणजे साधारण १८ मिमी रुंद असतो, तर त्याच जाडीच्या अमेरिकन बोल्टाच्या नटाला बहुधा नऊ सोळांश इंच, म्हणजे १४.३ मिमीचा पाना लागतो. १० मिमी बोल्ट आणि १.२५ किंवा १.५ मिमीचा आटा निघाला तर तो भाग एकतर युरोपातला, किंवा आपल्याकडे मेट्रिक आल्यावर बनलेला, किंवा लेथवाल्याने जुन्या भोकात नवा आटा पाडलेला. तिसरी शक्यता खेड्यात सर्वात जास्त. म्हणून एकाच आट्यावर निर्णय नको. शॉकअपच्या अंगाचा बंद प्लग, झाकणाचे स्क्रू आणि दांड्याच्या टोकाचा आटा असे तीन ठिकाणचे आटे जुळले पाहिजेत. आतल्या प्लगचा आटा सहसा कोणी बदललेला नसतो, त्याचे म्हणणे आधी ऐका.

आट्यांवरून देश कळला की आपल्या भागाचा इतिहास मदतीला येतो. फोर्डने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत बस्तान बसवले. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोघांनीही काम गुंडाळले. कापसाच्या पैशावर वऱ्हाडात आलेल्या अमेरिकन गाड्या बहुतांशी या काळातल्या. त्यातही फोर्डचा माल कॅनडातून येई, म्हणून फोर्डच्या भागावर ‘मेड इन कॅनडा’ दिसले तर तो नकली समजू नका. पुढे हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्या मॉरिसच्या घराण्यातल्या. लँडमास्टर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज दोन, ॲम्बेसेडर म्हणजे सीरीज तीन. तिथे ब्रिटिश वळण आले. महिंद्राने १९४९ पासून जीप जोडल्या, त्यात पुन्हा अमेरिकन आटे. तुमच्या घरातल्या तीन गाड्यांचे सामान म्हणूनच आट्यांवर बऱ्यापैकी वेगळे होईल: फोर्ड आणि जीप एका ढिगात, लँडमास्टर दुसऱ्या ढिगात. लँडमास्टरच्या ढिगात अमेरिकन आटे निघाले तर दचकू नका, युद्धानंतर ब्रिटिश गाड्यांतही ते हळूहळू शिरले होते.

मग एकेक नग.

कैचीच्या दांड्या आणि गोल चकत्या म्हणजे घर्षणावर चालणारा शॉकअप. ट्रुफॉ या फ्रेंच माणसाच्या कल्पनेवरून हार्टफोर्डने अमेरिकेत तो धंद्यात आणला आणि ब्रिटनमध्ये तो आंद्रे हार्टफोर्ड नावाने खपला. मधल्या नटाखाली चांदणीसारखी स्प्रिंगची पत्री आणि आकडे असलेली तबकडी व काटा असेल तर तो याच कुळातला. नुसता मोठा नट आणि सपाट वॉशर असेल तर नक्कल किंवा दुरुस्ती. चकत्या किती, दांड्याची लांबी भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती, आणि दांड्याच्या टोकाला रबरी बुश आहे की पितळी, एवढे लिहून घ्या. चाचणीसाठी एक दांडा शिकंज्यात पकडा, दुसऱ्याच्या टोकाला ताणकाटा लावून काटकोनात सावकाश ओढा. सुटताना किती किलो आणि चालू असताना किती किलो, दोन्ही लिहा. दांडा २०० मिमी आणि ओढ १० किलो म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. एकाच ॲक्सलच्या दोन बाजूंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक ठेवू नये. सुटताना ओढ चालत्यापेक्षा दुपटीने लागत असेल तर चकत्या चिकटल्या आहेत, अशी गाडी लहान खड्ड्यात दगडासारखी आणि मोठ्या खड्ड्यात सैल वागते. चकत्यांना तेल पाजून हा दोष जात नाही, नव्या चकत्या कापाव्या लागतात. जुन्या करड्या विणीच्या चकत्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्या कोरड्या घासू नका, हवेने फुंकू नका. ओल्या करून, मास्क लावून काढा आणि पिशवीत बंद करा.

पट्टा लोंबणारे गोल डबे हे स्नबर. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांचा गेब्रिएल स्नबर यातला सर्वात प्रसिद्ध. डबा चॅसिसला, पट्ट्याचे टोक ॲक्सलला. चाक वर जाताना आतली स्प्रिंग पट्टा गुंडाळून घेते आणि चाक खाली येताना पट्टा घर्षणाने रोखते. म्हणजे हा फक्त उसळी अडवतो, दबताना काहीच करत नाही. ओळख अगदी सोपी: पट्टा ओढला की जोर लागतो, सोडला की आपोआप आत जातो. आत जात नसेल तर स्प्रिंग तुटली किंवा गंजून धरली आहे. हा डबा उघडण्याची घाई मात्र करू नका. आतली गुंडाळलेली स्प्रिंग सुटून बोटे फाडते. झाकण काढायचेच असेल तर डबा शिकंज्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, झाकण थोडे थोडे सैल करत.

निमुळत्या, वर अरुंद आणि खाली रुंद अशा स्प्रिंगा पाहिल्या की आधी मॉडेल टी फोर्ड आठवावी. १९०८ ते १९२७ च्या त्या गाडीला कारखान्यातून शॉकअप नव्हतेच, पुढे-मागे एकेक आडवा पाटा, बस. त्या उणिवेवर मोठा बाजार उभा राहिला. इंडियानापोलिसचे हॅसलर हे त्यातले ठळक नाव. डब्यावर ‘शॉक ॲब्सॉर्बर’ असे छापलेले असले तरी हे खरे शॉकअप नव्हेत. पाट्याच्या टोक आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या या जादा स्प्रिंगा, त्या धक्का मऊ करतात पण डोलणे थांबवत नाहीत. तुमच्या घरी मॉडेल टी असल्याचे कोणाला आठवत नाही म्हणता, तरी शेजारच्या गाडीचे सामान एका पोत्यात येणे तेव्हा सर्रास होते. मॉडेल ए ला या बसवायचा प्रयत्न करू नका, दोन्ही गाड्यांचे आडवे पाटे दिसायला सारखे असले तरी ॲक्सलवरचे पकडीचे भाग वेगळे आहेत.

आता बिडाचे गोल शॉकअप. ज्याच्या मधोमध दांडा येतो, अंग डबीसारखे गोल आणि जड, आणि मागे दोन भोकांचे कान, तो फिरत्या पंखाचा हुडाय प्रकार. इथे तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग सुटतो: मॉडेल ए ला हुडाय शॉकअप कारखान्यातूनच बसवलेले असत. म्हणजे हे चार गोल नग बाहेरचे सामान समजून विकू नका, बहुधा ते तुमच्या फोर्डचे स्वतःचे आहेत. दांड्याच्या मधोमध लहान सुईसारखा झडपेचा स्क्रू दिसेल, तो जोर कमी-जास्त करण्याचा. तो जबरदस्तीने फिरवलात तर टोक मोडेल. आधी तापवून-थंडवून तेल मुरू द्या. यात मूळ द्रव ग्लिसरीनचा होता. ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते, म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नगात आत गंज आणि डिंकासारखा थर असतो. दांडा पूर्ण पल्ल्यात हलतो का ते पाहा. पल्ला अर्ध्यावर अडत असेल तर हातोडी मारू नका, आतले पंख बिडाचे भाग कोरत जातील. चारही नग सारखे नसतात. दांडा कोणत्या दिशेला फिरवताना जास्त जोर लागतो ते बाणाने लिहून ठेवा, त्यावरूनच डावा-उजवा ठरतो. लिंकच्या टोकाला गोळीचे सांधे आणि आत स्प्रिंग असेल तर ती लिंकही जपा.

ब्रिटिश गाड्यांतही असाच गोल, पंखाचा ल्युव्हॅक्स येतो. तो आणि हुडाय लांबून सारखे दिसतात, फरक आट्यांतच कळतो.

चौकोनी अंगाचे दोन प्रकार आहेत. दोन्ही बाजूंना मोठे षटकोनी बूच आणि त्यांच्यामध्ये आडवा दंडगोल असला तर तो अमेरिकन डेल्को-लव्हजॉयच्या घाटाचा. वर सपाट झाकण, त्यावर स्क्रूंची रांग, आत शेजारी शेजारी दोन पिस्टन आणि खाली झडपेचे बूच असले तर ब्रिटिश आर्मस्ट्राँगच्या घाटाचा. मॉरिसच्या घराण्यातल्या गाडीचे सामान तुमच्या पोत्यात असेल तर दुसरा प्रकार सापडण्याची शक्यता जास्त. इथे एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मॉरिस मायनरसारख्या, म्हणजे आपल्याकडच्या बेबी हिंदुस्तानसारख्या गाडीत पुढच्या शॉकअपचा दांडा हाच चाकाचा वरचा हात असतो. त्याच्या आतला बुश झिजला तर फक्त गाडी डोलत नाही, चाकाचा कलच बदलतो आणि ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग ओढते. अशा नगाचा दांडा दुहेरी आणि जाडजूड असतो, नुसत्या शॉकअपचा दांडा एकेरी आणि बारीक. दुहेरी दांड्याचा नग ‘थोडा सैल आहे, चालेल’ म्हणून कधीही बसवू नये.

दांड्याच्या सगळ्या शॉकअपची तपासणी एकच. कान शिकंज्यात पकडून दांडा पूर्ण पल्ल्यात सावकाश आठ-दहा वेळा हलवा. जोर दोन्ही दिशांना येतो की एकाच, ते पाहा. दिशा बदलताना थोडा भाग पोकळ जात असेल तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. तेल भरून पुन्हा हलवल्यावरही पोकळ गेला तर झडप किंवा पिस्टन गेला. दांडा पकडून वर-खाली हलवून पाहा, शाफ्टात हाताला जाणवेल एवढी सैल असली तर बुश गेला. सुरुवातीला २० ग्रेडचे फोर्क ऑईल घाला. ब्रेक ऑईल घालू नका. इंजिन ऑईल घालण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते आत फेसाळते. वर मे महिन्यात ४५ अंशाच्या उन्हात इतके पातळ होते की सकाळी कडक वाटणारी गाडी दुपारी झुलायला लागते. आर्मस्ट्राँगच्या घाटात दांडा शाफ्टावर दाबून बसवलेला असतो. तो हातोडीने काढू नका, शाफ्टावरच्या दात्यांची जागा एकदा सुटली की पुन्हा अचूक बसत नाही.

नळीच्या शॉकअपबद्दल फारसे लिहायला नको, मापे नीट घेतली की झाले. पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ओढलेली लांबी, टोकाच्या डोळ्याचा (बोल्ट जातो त्या कडीचा) आतला व्यास आणि रुंदी, दांड्याच्या टोकाला आटे असल्यास आटे. दांडा आपोआप बाहेर येत असेल तर तो गॅसचा, तुमच्या तीन गाड्यांच्या काळातला तो बहुधा नव्हे. तो कापायचा नाही आणि आगीत टाकायचा नाही. बाहेरून स्प्रिंग गुंडाळलेला नग असेल तर तो ओझे पेलणारा, मनरोने १९५० च्या दशकात लोड-लेव्हलर नावाने असे नग आणले आणि त्यांच्या नकला सगळीकडे झाल्या. यात वजन शॉकअपच्या कानावर येते. जुन्या गाडीचा शॉकअपचा ब्रॅकेट फक्त हिसका सहन करण्यापुरता असतो, सतत वजन पेलायला नव्हे. तिथे चॅसिसला भेग पडलेली दिसली तर कारण हेच समजा. गेब्रिएल इंडिया १९६१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे ‘गेब्रिएल’ हे नाव जुन्या अमेरिकन डब्यावरही आणि पुढच्या भारतीय नळीवरही सापडेल, दोन्हींचा काळ वेगळा.

पाट्यांत गोंधळ सर्वात जास्त असतो, कारण आपल्याकडे पाटे बदलले नाहीत अशी गाडी सापडणे कठीण. बैलगाडीच्या पांदणीतून आणि गिट्टीच्या रस्त्यावरून कापसाची ओझी वाहिलेल्या गाड्या या. आधी रुंदी मोजा. ४४.४५ मिमी म्हणजे पावणेदोन इंच, ५०.८ म्हणजे दोन इंच, ५७.१५ म्हणजे सव्वादोन, ६३.५ म्हणजे अडीच. बरोबर ५०, ६० किंवा ७० मिमी भरला तर तो मेट्रिक काळातला. जाडी इंचाच्या बत्तिसांशाच्या हिशेबाने ४.७६, ५.५६, ६.३५ मिमी अशी आली तर जुना माल, ६, ७, ८ मिमी आली तर नंतरचा. गंजलेल्या जागी नव्हे, दोन पट्ट्यांच्या मधल्या झाकलेल्या भागात मोजा. मग सेंटर बोल्टापासून (सगळ्या पट्ट्या एकत्र धरणारा बोल्ट) दोन्ही डोळ्यांच्या मध्यांपर्यंतची अंतरे वेगवेगळी लिहा. अनेक गाड्यांत ती समान नसतात आणि पाटा उलटा बसला की ॲक्सल पुढे-मागे सरकतो. शेवटी पट्ट्यांची टोके पाहा. कारखान्याची टोके निमुळती किंवा कोपरे कापलेली असतात. चौकोनी, कडेला गॅसने वितळलेली टोके म्हणजे ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या पाट्यातून कापलेली गावची पट्टी.

अशी एक पट्टी किती बिघडवते हे हिशेबाने कळते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमी टाकली तर ती पट्टी जवळपास ५९ टक्क्यांनी ताठ होते. मग वाट्यापेक्षा जास्त ओझे त्या एका पट्टीवर येते आणि ती सेंटर बोल्टाच्या भोकातून तुटते. पाट्याला वेल्डिंग कधीच करू नका, वेल्डिंगच्या शेजारची पट्टी आठवड्यात मोडते.

जीपच्या बाबतीत दोन खुणा लक्षात ठेवा. युद्धकाळातल्या, डिस्पोजलमध्ये (सैन्याच्या सामानाच्या विक्रीत) मिळालेल्या विलीस एमबी जीपच्या पुढच्या डाव्या पाट्याला एक जादा लहान स्प्रिंग असते. ती ॲक्सलची पिळवट रोखायला कारखान्यानेच दिलेली. ती गावठी हेल्पर (ओझ्यासाठी घातलेला जादा पाटा) समजून बरेच जण काढून टाकतात. दुसरी खूण शॅकलची, म्हणजे पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीची: यू आकाराच्या शॅकलला आटे असतात आणि काही शॅकलच्या एका पायाला उलटे आटे. अशा शॅकलवर छोटा उंचवटा घडवलेला असतो आणि उलट्या आट्याच्या बुशच्या षटकोनी डोक्याभोवती खाच असते. ही खूण न पाहता पाना जोरात फिरवला की शॅकल गेला. पाट्यावर चामड्याचे कवच आणि दोरीचे डोळे असतील तर तेही बाहेरचे सामान आहे, आत तेल राहावे आणि धूळ जाऊ नये म्हणून. वेफ्कोची अशी कवचे ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होती. चामडे मोडले असले तरी नमुना म्हणून ठेवा, मोची तसेच नवे शिवून देतो.

गोल स्प्रिंग ओळखताना तारेची जाडी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, कारण इथे फरक चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमी तार, मधला व्यास १०० मिमी, काम करणारे वेढे ८ असले तर ताठपणा साधारण २.६ किलो प्रति मिमी येतो, म्हणजे १०० किलो ठेवले की ३८ मिमी दबायला हवी. तार १३ मिमी झाली की तीच स्प्रिंग ३८ टक्क्यांनी ताठ. घरी तपासायचे तर मधून पाइप घालून, वर जाड फळी ठेवून सिमेंटच्या दोन पोत्यांनी माप घ्या, पोती घसरणार नाहीत याची खात्री करूनच. दोन स्प्रिंगांत पाच मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ती जोडी नव्हे.

भेगा पाहण्यासाठी डिझेलमध्ये रात्रभर ठेवून कोरडे पुसा, चुन्याची किंवा खडूची भुकटी भुरभुरवा आणि लाकडाने हलके ठोका. भेगेतले तेल बाहेर येऊन ओली रेघ उमटते. पाट्याचे सेंटर बोल्टाचे भोक, दांड्याचा वाकलेला भाग आणि ब्रॅकेटचा काटकोन, या तीन जागा नक्की पाहा.

काळ ठरवायला डबे आणि कागद मदत करतात, म्हणून पोत्याच्या तळचा फाटका पुठ्ठाही जपा. आणे-पैचा भाव म्हणजे १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. ‘नवे पैसे’ लिहिले असेल तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. अमेरिकन डब्यावर पाच आकडी झिपकोड म्हणजे १९६३ नंतरचा. अमेरिकन पेटंटचा आकडा दहा लाखांच्या पुढे असेल तर १९११ नंतरचा, वीस लाखांच्या पुढे असेल तर एप्रिल १९३५ नंतरचा. पेटंट ही किमान तारीख देते, तो भाग त्यानंतर वीस वर्षेही बनत राहिलेला असू शकतो. ब्रिटिश पेटंटच्या आकड्याला जोडून वर्ष लिहिले असेल तर ते १९१६ पूर्वीचे, कारण तोपर्यंत दरवर्षी नव्याने मोजणी होई आणि १९१६ पासून १,००,००१ पासून पुढे सलग सुरू झाली. ग्रीसची निपलही बोलते: पिळून दाबायचा कप सर्वात जुना, आडवी पिन असलेली निपल त्यानंतरची, टोकाला गोळी असलेली आजची निपल १९२९ च्या आसपासची आणि पुढची. निपल बदलणे सोपे, त्यामुळे हा पुरावा दुय्यम धरा.

फोर्डला काय लावायचे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चार हुडाय दुरुस्त होत असतील तर तेच लावा, कैचीचे शॉकअप ब्रॅकेटसह पूर्ण संच असतील तरच दुसरा पर्याय. पुढे एक जात आणि मागे दुसरी, असे चालते, पण एकाच ॲक्सलवर डावा-उजवा वेगळा कधीही नको. नळीचे शॉकअप लावण्याचा मोह झाला तर तीन मापे आधी कागदावर मांडा. दाबलेली लांबी २४० आणि ओढलेली ३७० मिमी असलेला नग गाडी उभी असताना ३०० ते ३१० वर असावा. रबरी ठोकळा पूर्ण दबल्यावरही नगात १२ ते १५ मिमी शिल्लक राहावी आणि चाक पूर्ण लोंबल्यावर वजन शॉकअपने धरू नये, नाहीतर डोळे फाटतात.

नवी भोके पाडण्याआधी एक गोष्ट पाहा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला असेल तर ती अडते. म्हणून चॅसिसला वेल्डिंग नको आणि नवे भोकही नको. जुनी भोके आधी साफ करा, त्यांच्या मध्यांमधली अंतरे मोजा आणि पोत्यातल्या प्रत्येक ब्रॅकेटशी जुळवून पाहा. जुळला तो ब्रॅकेट तुमच्या फोर्डचा, आणि त्याच्यासोबत तारेने बांधलेला नगही. उरलेल्या ब्रॅकेटचे कागदावर पूर्ण मापाचे साचे काढा, भोकांचे व्यास आणि अंतरे मिमीत लिहा, डावे-उजवे खूण करा. आट्यांचे तीन आकडे आणि ठशांचे पेन्सिलने घासलेले कागद त्यासोबत पाठवा. एवढे हातात असले की उरलेल्या नगांची गाडी सांगता येईल.